अळी मेली आणि मग फिट आली

फिट म्हणजे काय असं कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर येतं, "मेंदूत करंट जास्त होतो." गर्दीच्या ओपीडीत न्यूरॉलॉजिस्टही हेच सांगतात आणि ते काही खोटं नाही, ईईजीत जे वरखाली होताना दिसतं ते करंटच असतात. पण जास्त का होतो, वीस वर्षं नीट चाललेला मेंदू एका सकाळी दात घासता घासता का बिघडतो, हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच राहून जातो कारण पुढचा पेशंट दारात उभा असतो. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. पण घरातच एक केस झाली म्हणून या "का"च्या मागे लागले आणि वाचता वाचता एक गोष्ट पक्की झाली, की फिटच्या पुष्कळ केसेसमध्ये न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली करंट चालवणारी पेशी, एकटा गुन्हेगार नसतोच. आपल्याच इम्यून सिस्टिमच्या पेशी, ज्यांनी मेंदूची राखण करायची, त्यांचाही त्यात हात असतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसलं प्रकरण.

हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं तर न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्ये. नाव अवघड असलं तरी आजार आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. टीनिया सोलियम नावाचा टेपवर्म असतो, त्याची अळी मेंदूत जाऊन बसते आणि तिच्यापायी फिट येतात. डब्ल्यूएचओ सांगते की जिथे हा जंत कायमचा मुक्कामाला आहे अशा भागांतल्या एपिलेप्सीच्या साधारण ३० टक्के केसेसमागे हाच असतो. आणि खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाहीये) पुढे आहे. अळी मेंदूत जिवंत असते तेव्हा बहुतेकांना काहीच होत नाही. कित्येकदा वर्षानुवर्षं ती आत बसून आहे आणि माणूस नोकरी करतोय, गाडी चालवतोय, वरातीत नाचतोय. फिट येते ती अळी मरायला लागली की.

इंग्रजांच्या फौजेत हे फार आधी लक्षात आलं होतं. हिंदुस्थानात नोकरी करून जवान मायदेशी परत जायचे आणि गेल्यावर काही वर्षांनी त्यांना फिट यायला लागायच्या, घराण्यात कुणाला नाही, डोक्याला मार नाही, काही नाही. अशा बऱ्याचशा इकडून परत गेलेल्या लोकांच्या ४५० केसेस डिक्सन आणि लिप्सकोम्ब या दोघांनी १९६१ साली एकत्र छापल्या. इन्फेक्शन झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत मध्ये कित्येक वर्षं गेलेली, काहींची तर दहाच्याही वर. इतकी वर्षं अळी काय करत होती आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या पेशी काय करत होत्या?

त्याआधी आमच्या घरचं सांगते कारण तो घोळ अनेक घरांत होतो. माझ्या मावसभावाला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर पहिली फिट आली. रूममेटनं नाकाला कांदा लावला, कुणीतरी चप्पल हुंगवली, तेवढ्यात फिट आपली आपण थांबली, म्हणजे क्रेडिट चपलेला. (बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, तोवर कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही, बस.) एमआरआयचा रिपोर्ट आला, "सिंगल रिंग एन्हान्सिंग लेझन". फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली. कॉन्ट्रास्ट दिलेल्या फिल्मवर सेंटिमीटरभराची पांढरी रिंग, रिंगच्या आत कडेला एक बारीक ठिपका, तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. आणि शेजारच्या दुसऱ्या फिल्मवर त्याच जागी रिंगच्या कितीतरी पट मोठा पसरलेला पांढुरका डाग. तो डाग म्हणजे सूज. अळी एवढीशी आणि तिच्याभोवतीचा गोंधळ केवढा!

डॉक्टरांनी "डुकराच्या मांसातून येणारा जंत" एवढं एकच वाक्य उच्चारलं आणि मावशी हादरलीच. मावशी-काका दोघंही माळकरी. घरी आल्यावर मला म्हणाली, "अगं, आपल्या घरात अंडं येत नाही, कधी एकादशी चुकली नाही, आणि डुकराचा रोग माझ्या पोराला? हॉस्टेलवर काय खातो काय हा?" बिचाऱ्याची फिट राहिली बाजूला आणि उलटतपासणी सुरू. तेव्हा तिला बसवून समजावलं ते इथेही लिहिते. नीट न शिजलेलं, अळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात टेपवर्म होतो, मेंदूत अळी होत नाही. ज्याच्या आतड्यात असा टेपवर्म आहे त्याच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात, ती पाण्यातून, कच्च्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्या कुणाच्याही पोटात जातात, तिथे फुटून अळी आतड्याची भिंत ओलांडते आणि रक्तातून मेंदू, स्नायू, डोळा कुठेही जाऊन बसते. म्हणजे मेंदूतली अळी व्हायला मांस खायची गरजच नाही. ज्या माणसाचा हात आपल्या पाणीपुरीला लागतो त्याच्या पोटात जंत असला तरी पुरे. मावशीला हे ऐकून बरं वाटलं की वाईट ते कळलं नाही, पण पोराची उलटतपासणी थांबली.

आता पेशींकडे. जिवंत अळी मेंदूत पातळ पडद्याच्या एका पाणीदार फुग्यात बसलेली असते आणि ती गप्प बसलेली नसते, तिचं सतत काम चालू असतं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची एक साखळी असते, परक्या जंतूला भोक पाडणारी, तिला अडवणारं प्रथिन ही अळी तयार करते. आजूबाजूच्या इम्यून पेशी थंड राहाव्यात याचीही ती सोय करते. असं करत करत वर्षं काढते. मग वय झालं म्हणून म्हणा किंवा औषधानं म्हणा ती मरायला लागली की पडदा गळायला लागतो, आतलं सगळं बाहेर झिरपतं आणि इतके दिवस न दिसलेली परकी प्रथिनं आपल्या पेशींना एकदम दिसतात. मग मॅक्रोफेज येतात, लिम्फोसाइट येतात, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल, असे पांढऱ्या पेशींतले एकेक प्रकार जमतात आणि अळीभोवती गाठ तयार होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. एमआरआयवरची ती रिंग म्हणजे मुख्यतः हीच, आपल्याच पेशींची भिंत.

आणि फिट या गाठीतून येते याला पुरावा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी याच जंताच्या नात्यातल्या एका जंतानं उंदरांमध्ये ग्रॅन्युलोमा तयार केले, त्या गाठींचा अर्क काढून निरोगी उंदरांच्या मेंदूत टोचला, आणि त्या उंदरांना फिट आल्या. त्या अर्कात सबस्टन्स पी नावाचं एक रसायन सापडलं, २०१२ साली त्यांनी ते छापलं, आणि ते अडवलं तर फिट येत नाही असंही दाखवलं. हे रसायन अळीचं नव्हे, जमलेल्या आपल्याच बाजूच्या पेशींचं. मला हे वाचून खरंच दोन मिनिटं काही सुचलं नाही.

आपल्या देशात या गाठीवरून एक मोठा घोळ बरीच वर्षं चालला होता. सीटी स्कॅन आल्यावर फिटच्या पेशंटांच्या मेंदूत अशा एकेकट्या छोट्या गाठी ढिगानं दिसायला लागल्या, आणि भारतात मेंदूत गाठ म्हणजे टीबी हे समीकरण डोक्यात पक्कं, त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली गेली. गाठ विरघळायची आणि सगळ्यांना वाटायचं औषध लागू पडलं. मग वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमध्ये वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी ऑपरेशननं काढून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तेव्हा बहुतेकांत सिस्टिसर्कस, म्हणजे हीच अळी, निघाला. यातल्या पुष्कळ गाठी तर नुसती फिटची गोळी चालू ठेवली तरी काही महिन्यांत विरतात, कारण अळी आधीच मरणपंथाला लागलेली असते आणि पेशी तिचा निकाल लावून आपोआप पांगतात. बारीक गाठींचं हे ज्ञान जगाला बऱ्यापैकी आपल्याकडून गेलंय आणि आपल्यालाच ते माहीत नसतं हे जरा लाजिरवाणं आहे.

उपचारातही हीच गोष्ट दिसते. अल्बेंडाझोल दिलं की अळी मरते, आणि मरते म्हणूनच पहिल्या काही दिवसांत डोकेदुखी आणि फिट वाढू शकतात. म्हणून सोबत स्टिरॉइड देतात, पेशींना जरा दमानं घ्यायला लावायला. मेंदूत अळ्या फारच झाल्या असतील आणि मेंदू आधीच सुजलेला असेल तर डॉक्टर अळी मारायचं औषध मुद्दाम देत नाहीत, आधी सूज उतरवतात, कारण सगळ्या एकदम मेल्या तर पेशंटच जायचा. तेव्हा जंताची गोळी मेडिकलमधून आणून फिटच्या पेशंटला मनानं चारणं हा प्रकार कृपा करून करू नका.

बरं, ही झाली बाहेरून आलेल्या जंताची गोष्ट. पण मेंदूत मुळातच राहणाऱ्या इम्यून पेशी असतात, मायक्रोग्लिया. १९१९ साली माद्रिदमध्ये पीओ देल रिओ ओर्तेगा या माणसानं चांदीचा एक नवीन स्टेन (पेशी रंगवायचं द्रावण) वापरून त्या पहिल्यांदा नीट वेगळ्या दाखवल्या. पुढच्याच वर्षी त्याचं आणि लॅबप्रमुख रामोन इ काहालचं बिनसलं आणि त्याला लॅब सोडावी लागली, नंतर स्पेनमधल्या यादवीमुळे देशही सुटला, शेवट ब्यूनोस आयरीसमध्ये झाला. या पेशी आपल्या बोन मॅरोमधून येत नाहीत, गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतानाच योक सॅक या गर्भाबाहेरच्या पिशवीतून मेंदूत शिरतात आणि मग जन्मभर तिथेच आपल्या आपण वाढत राहतात, हे २०१० साली सिद्ध झालं. जुन्या पुस्तकांत त्यांना "रेस्टिंग" म्हणायचे. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपनं पाहिलं तर विश्रांती वगैरे काही नाही, पेशीचं मधलं अंग जागेवर आणि तिचे बारीक फाटे सारखे पुढे येतायत, मागे जातायत, चाचपतायत, काही तासांत सगळा मेंदू एकदा हात फिरवून होतो इतकं. लेझरनं एक बारीकशी इजा केली तर मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्या पेशींचे फाटे तिकडे वळले आणि त्या जागेला वेढा पडला. याचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा, मी तो किती वेळा पाहिला असेन देव जाणे.

या पेशी चवताळल्या की काय होतं? मेंदूला मार लागला, इन्फेक्शन झालं, स्ट्रोक झाला किंवा लांबलेली फिट आली, की मायक्रोग्लिया आणि त्यांच्या शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं रसायन सोडतात. हे तेच ज्यानं आपल्याला ताप चढतो. न्यूरॉनवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते बसायची ठरलेली जागा, असतो, तिथे ते बसलं की न्यूरॉनचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर (ग्लुटामेट या न्यूरॉनला चेतवणाऱ्या रसायनाचे) जास्त कॅल्शियम आत घ्यायला लागतात आणि न्यूरॉन थोडक्या कारणानं पेटतो. लहान मुलांना तापात फिट येते त्यातही याचा हात असावा, कारण ज्या उंदरांत याचा रिसेप्टरच नाही त्यांना शरीर तापवून फिट आणणं अवघड जातं. (तापातली फिट पाहून आईबापांचा जीव जातो पण बहुतेक मुलांना पुढे काही त्रास होत नाही, घाबरू नका, डॉक्टरांना मात्र दाखवा.)

यातलं बरंचसं काम मिलानच्या मारिओ नेग्री इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅनामारिया वेझानी या बाईंनी आणि त्यांच्या टीमनं केलंय, पार नव्वदच्या दशकापासून, तेव्हा एपिलेप्सीत इम्यून सिस्टिम बघतंय कोण अशी परिस्थिती होती. इजा झालेला न्यूरॉन स्वतःच एचएमजीबी१ नावाचं प्रथिन बाहेर टाकतो, ते टीएलआर४ या रिसेप्टरवर बसून अजून आग लावतं, आणि ते अडवलं तर उंदरांतल्या फिट कमी होतात, हे त्यांनी २०१० साली दाखवलं. म्हणजे बघा कसं चक्र आहे, फिट आली की पेशी चवताळतात, पेशी चवताळल्या की पुढची फिट सोपी होते, ती आली की परत तेच.

त्यात भर म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला बंदोबस्त, ब्लड-ब्रेन बॅरिअर, तो सुजेमध्ये सैल पडतो. रक्तातलं अल्ब्युमिन, जे आपण लॅबमध्ये रोज लिव्हर प्रोफाइलमध्ये मोजतो तेच साधं प्रथिन, मेंदूत झिरपतं आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी ते गिळून आजारी पडतात. अ‍ॅस्ट्रोसाइटचं काम काय, तर न्यूरॉन फायर झाल्यावर बाहेर पडलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलून नेणं. बाहेरचं पोटॅशियम एरवी लिटरला ३ मिलिमोलच्या आसपास असतं, फिटमध्ये ते १०-१२ पर्यंत चढतं. उचलणारी पेशीच आजारी म्हटल्यावर ते तिथेच साचतं, आणि साचलं की आजूबाजूचे न्यूरॉन अजून भडकतात. तर करंट जास्त झाला म्हणतात तो असा होतो. निदान काहींच्यात तरी.

माणसातही हे आहे का, की नुसती उंदरांची कहाणी? २०२२ साली सिंगापूरमधल्या संशोधकांनी ज्या मुलांच्या फिट औषधांना दाद देत नव्हत्या आणि ऑपरेशन करून मेंदूचा तो तुकडा काढावा लागला, त्या तुकड्यांतल्या एकेका पेशीतली कुठली जीन्स चालू आहेत ते वाचलं. मायक्रोग्लिया जोरात इंटरल्युकिन-१ बीटा वगैरे बनवत होत्या, आणि एरवी मेंदूच्या आत क्वचितच दिसणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) रक्तातून तिथे येऊन मायक्रोग्लियांना चिकटलेल्या दिसल्या. या मुलांना कुठलंही एन्सेफलायटिस (मेंदूला सूज) झालेलं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, नेहमीच्या हट्टी एपिलेप्सीच्या केसेस होत्या. एपिलेप्सीच्या साधारण एक तृतीयांश पेशंटांना औषधं पुरेशी लागू पडत नाहीत, आपली नेहमीची औषधं मुख्यतः न्यूरॉनचा करंट दाबतात आणि या पेशींना हात लावत नाहीत, तर त्यातल्या काहींचं उत्तर इथे असेल असं मला तरी वाटतं.

पण लगेच मायक्रोग्लियांना व्हिलन ठरवू नका. २०२० साली एका टीमनं उंदरांमधल्या मायक्रोग्लिया काढून टाकल्या, तर फिट कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. न्यूरॉन जास्त फायर झाला की एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं रसायन) बाहेर येतं, मायक्रोग्लिया ते ओळखून तिथे जातात, त्याचं शेवटी अ‍ॅडेनोसिन होतं आणि अ‍ॅडेनोसिन न्यूरॉनला शांत करतं. म्हणजे एरवी याच पेशी ब्रेक दाबतात. आपल्या सोयीनं चांगलं-वाईट अशा दोन रांगा करायची सवय इथे चालत नाही.

टी पेशी स्वतःच न्यूरॉन मारतात असा एक आजार मात्र आहे आणि तो वाचताना पोटात कालवतं. रासमुसेन एन्सेफलायटिस. १९५८ साली माँट्रियलमध्ये थिओडोर रासमुसेन या न्यूरोसर्जननं तीन मुलांच्या केसेस लिहिल्या. चांगलं खेळतं मूल, एक दिवस हाताचा किंवा चेहऱ्याचा एक कोपरा उडायला लागतो आणि थांबतच नाही, दिवसच्या दिवस, झोपेतसुद्धा. हळूहळू ती बाजू कमजोर होत जाते आणि एमआरआयवर मेंदूचा एकच अर्धा भाग सुकत जाताना दिसतो, दुसरा अर्धा ठणठणीत. एकाच बाजूला का, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. १९९४ साली अमेरिकेत काही संशोधक ग्लुटामेटच्या एका रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी मिळवायला सशांना इंजेक्शन देत होते, तर सशांनाच फिट यायला लागल्या. झालं, सगळ्यांना वाटलं सापडलं, अँटिबॉडीमुळेच होतं हे. पुढे ती अँटिबॉडी इतर एपिलेप्सीवाल्यांतही सापडली आणि या आजाराच्या सगळ्यांत सापडेना. मग २००२ च्या सुमाराला जर्मनीत बॉनमध्ये ऑपरेशनच्या तुकड्यांत दिसलं की सीडी८ म्हणजे मारेकरी प्रकारच्या टी पेशी न्यूरॉनला खेटून बसल्यात आणि त्यांच्या पोटातले ग्रॅन्झाइम-बी या पेशी मारणाऱ्या प्रथिनाचे कण नेमके न्यूरॉनच्या दिशेला गोळा झालेत. मारायच्या तयारीत.

त्यावर हमखास फिट थांबवणारा उपाय आजही एकच, हेमिस्फेरोटॉमी, आजारी अर्धा मेंदू उरलेल्यापासून तोडायचा. ऐकायला भयंकर. पण बहुतेक मुलांच्या फिट थांबतात आणि ती चालतात, शाळेत जातात, हाताच्या बोटांची बारीक कामं तेवढी त्या बाजूनं परत येत नाहीत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये ही ऑपरेशनं होतात.

अँटिबॉडीवाले आजार वेगळे आणि ते आपल्याकडे जास्त लोकांना माहीत व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. २००७ साली जोसेप दालमाऊ यांनी अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या आजाराच्या १२ बायकांच्या केसेस मांडल्या. तरुण मुलगी, आठवडाभर डोकं दुखलं, थोडा ताप, मग अचानक संशय, बडबड, झोप नाही, भास, मग फिट, मग तोंडाच्या विचित्र हालचाली, मग बेशुद्ध. बहुतेकींच्या ओव्हरीत टेराटोमा, आपण डर्मॉइड म्हणतो ती गाठ. त्या गाठीत मेंदूसारखा टिश्यू असतो, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना तो दिसतो, त्याच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी बनतात आणि मग त्याच अँटिबॉडी खऱ्या मेंदूतले रिसेप्टर ओढून पेशीच्या आत घालवतात. न्यूरॉन मरत नाही, म्हणूनच ट्रीटमेंट वेळेत झाली तर पेशंट पार कोमातून उठून परत कॉलेजला जाऊ शकते. गाठ काढायची, स्टिरॉइड, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सलाइन), प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला अँटिबॉडीवाला द्रव बदलणं), लागलं तर बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब. सगळ्यांना गाठ असतेच असं नाही, पुरुषांनाही होतो, लहान मुलांना होतो, हर्पीसच्या एन्सेफलायटिसनंतरही होतो.

आता हीच मुलगी आपल्या एखाद्या गावात आहे असं समजा. पहिला आठवडा "बाहेरचं लागलंय", दुसरा देवऋषी, तिसरा मानसोपचार, आणि फिट आल्यावर "अंगात आलं". शहरातही फार वेगळं नसतं, तिथे "एक्झामचं टेन्शन" म्हणतात. ज्या मुलीला आयुष्यात कधी मानसिक त्रास नव्हता तिला काही दिवसांत एकदम असं झालं आणि वर फिट आली, तर कंबरेतून पाणी काढून अँटिबॉडीची टेस्ट करायची का, हे विचाराच. एवढा एकच प्रश्न. पन्नाशी-साठीच्या माणसांत एलजीआय१ अँटिबॉडीचा प्रकार असतो, त्यात चेहरा आणि हात एका बाजूला क्षणभर झटका मारतात, दिवसातून कितीही वेळा, हातातला चहाचा कप उडतो. सोबत विसरभोळेपणा आणि रक्तात सोडियम कमी. घरचे म्हणतात वय झालं. फिटच्या गोळ्यांनी त्यांचं फारसं भागत नाही, स्टिरॉइडनं फरक पडतो. लॅबमध्ये अशा वयाच्या पेशंटचं सोडियम कमी दिसलं की मी हल्ली उगाचच फॉर्मवरची हिस्टरी वाचते.

२०१७ साली एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं कारणांच्या यादीत "इम्यून" असा स्वतंत्र खाना केला, तो या सगळ्यातून.

मग इम्यून सिस्टिम दाबा आणि सगळ्यांच्या फिट थांबवा, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. २००८ साली इटलीत व्हेरोनाच्या टीमनं उंदरांत दाखवलं की पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीला चिकटू दिलं नाही तर फिट कमी होतात. तसं करणारं औषध माणसांसाठी तयारच होतं, नॅटालिझुमॅब, मल्टिपल स्क्लेरोसिसचं. हट्टी एपिलेप्सीच्या पेशंटांवर ट्रायल झाली, २०२१ मध्ये रिझल्ट आला आणि ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. दुसरीकडे फायर्स नावाचा जो प्रकार आहे, साध्या तापानंतर निरोगी मुलाला दिवसचे दिवस न थांबणाऱ्या फिट, त्यात संधिवाताचं अ‍ॅनाकिन्रा, जे इंटरल्युकिन-१ चाच रस्ता अडवतं, ते काही मुलांना लागू पडलंय. सगळ्यांना नाही. म्हणजे कुणाच्या मेंदूत पेशी मुख्य भांडणात आहेत आणि कुणाच्या नुसत्या बघ्यांच्या गर्दीत, हे आधी ओळखता यायला हवं, आणि आत्ता सगळं तिथे अडलंय.

या मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅप थांबत नाहीच. "ब्रेन इन्फ्लमेशनवर हळद, फिटची गोळी कायमची बंद" असा एक फॉरवर्ड मावशीकडून मलाच आला. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तातच नीट जात नाही, मेंदू तर लांब. आमटीत घाला, दुधात घाला, पण त्या भरवशावर गोळी बंद केली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

मावसभावाची रिंग पुढच्या स्कॅनमध्ये गेली होती आणि त्या जागी सीटीवर कॅल्शियमचा एक पांढरा ठिपका राहिला. सगळे खूश झाले, डॉक्टर मात्र गोळी बंद करायला तयार नाहीत, आणि त्याला कारण आहे. कॅल्शियम झालेली अळी म्हणजे विषय संपला असं पूर्वी धरायचे. पण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात झालेल्या एका अभ्यासात, अशा ठिपकेवाल्यांपैकी ज्यांना परत फिट आली त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या ठिपक्याभोवती एमआरआयवर नव्यानं सूज दिसली. अळी मरून वर्षं झाली तरी पेशींचं भांडण मिटलेलं नसतं.

पेरूवाल्यांनी या जंताचा पिच्छा अजून एका बाजूनं पुरवलाय. टुम्बेस भागात त्यांनी गावोगावची माणसं आणि डुकरं दोघांनाही जंताचं औषध दिलं, डुकरांना लसही दिली, आणि जवळजवळ सगळ्या गावांतला जंताचा फेरा तुटला. डुकरांची ती टीएसओएल१८ लस आता आपल्या हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्समध्ये बनते. लस दिलेल्या डुकराच्या रक्तात अँटिबॉडी आधीच तयार असतात, अंड्यातून बाहेर आलेली अळी कुठे जाऊन बसायच्या आतच तिचा निकाल लागतो, म्हणजे ना फुगा, ना गाठ, ना पुढचा टेपवर्म. हे मावशीला कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "डुकराला लस द्या नाहीतर शालू नेसवा, आधी त्या हॉस्टेलच्या मेसमधल्या पोरांना हात धुवायला साबण ठेवा म्हणावं."